काय पाहिलं नाही

सुनंदा,

तुझ्या शेवटच्या लेखात चूक निघाली आहे. हे आधी सांगतो, कारण तू असतीस तर बाकीचं काही ऐकून घेतलं नसतंस. ‘बाकीचं मागून, भाऊ. चूक काय ते सांगा,’ असं म्हणून कानामागची पेन्सिल काढली असतीस.

तुला जाऊन बारा दिवस झाले. परवा आष्टीला तुझा दहावा झाला आणि चुकीची गोष्ट मला तिथेच कळली. ती सांगण्याआधी, आपण दोघं काय करत होतो हे नव्या वाचकाला कळलं पाहिजे. वाचणारा पहिल्यांदाच आलाय असं धरून लिहायचं, हाही तुझाच नियम.

आपली साइट शेतीला लागणाऱ्या यंत्रांची माहिती देते. मोबाइलवरून विहिरीची मोटर चालू-बंद करणारे स्टार्टर, रानडुकरांना अडवणारी झटका मशीन, जमिनीतला ओलावा मोजणाऱ्या सळया, फवारणीचे पंप. तू आष्टीत यंत्रं तपासायचीस, मी जालन्यात बसून मजकूर नीट करायचो. साइट वाचकांच्या वर्गणीवर चालते. ज्यांच्या वस्तू आपण तपासतो त्यांची जाहिरात घेत नाही. तू येण्याआधी नियम एवढाच होता, आणि तेवढा पुरेसा आहे असं मला वाटत होतं. आयुष्याची चांगली वर्षं एका दैनिकात उपसंपादकाच्या टेबलावर काढलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक होतं.

ओळख तक्रारीतून झाली. मी एका फवारणी पंपावर लिहिलं होतं. तू तेव्हा आष्टीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होतीस. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेली, मेंढपाळाची मुलगी. तुझा फोन आला.

‘तो पंप तुम्ही पाठीवर घेतला व्हता का?’

‘नाही.’

‘मंग पट्टा खांद्याला काचत न्हाई, हे कोणी सांगितलं?’

‘कंपनीच्या पत्रकात आहे.’

‘मंग पत्रकच छापायचं ना साहेब. खाली तुमचं नाव कशाला टाकलं?’

वर्तमानपत्रात मला बऱ्याच जणांनी सुनावलं होतं. इतक्या कमी शब्दांत कोणी सुनावलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी तो पंप घेऊन आष्टीला आलो. तू त्यात काठोकाठ पाणी भरलंस, माझ्या पाठीवर चढवलास आणि मला वावराच्या फेऱ्या मारायला लावल्यास. बांधावर तुझे वडील, आबा, मेंढरं थांबवून उभे होते. ‘ह्यांना कुठून आणलं?’ त्यांनी विचारलं. ‘पेपरातून,’ तू म्हणालीस. संध्याकाळी माझे दोन्ही खांदे लाल झाले होते. तू पाहिलंस आणि म्हणालीस, ‘हां. आता लिहा.’

त्यानंतर साइटचे नियम तू केलेस. मी फक्त ते टाइप केले.

यंत्र कंपनीकडून घ्यायचं नाही, हा त्यातला पहिला. कंपनी तपासायला देते तो नग निवडलेला असतो. शेतकऱ्याला मिळतो तो दुकानाच्या फळीवरचा. पण तुला सगळा बाजार ओळखत होता. तू दारात उभी राहिलीस की दुकानदार आत जाऊन दुसराच नग घेऊन यायचे. म्हणून खरेदीला आबा जाऊ लागले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. या माणसावर कोण संशय घेणार? तिसरं झटका मशीन मागितलं तेव्हा मात्र दुकानदाराला राहवलं नाही.

‘आबा, वावर हाय तरी केवढं तुमचं? का सगळ्या शिवाराला झटका देऊन राह्यले?’

‘मेंढरं ऐकत न्हाईत बाबा,’ आबा म्हणाले.

हे सांगताना तू हसून खाली बसायचीस. आबा मात्र प्रत्येक वेळी गंभीर राहायचे. ‘खोटं न्हाई बोललो. खरंच ऐकत न्हाईत.’

दुसरा नियम म्हणजे तुझी वही. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची, पेन्सिलीने आखलेले चार रकाने. यंत्र. कुठं. काय पाहिलं. काय पाहिलं नाही. चौथा रकाना सगळ्यांत रुंद होता. त्यातलं सगळं लेखाच्या शेवटी आलंच पाहिजे, असा तुझा हट्ट होता. वारा असताना पाहिलं नाही. मोबाइलची रेंज नसलेल्या जागी पाहिलं नाही. बाईमाणसानं पाठीवर घेऊन पाहिलं, म्हाताऱ्या माणसानं घेऊन पाहिलं नाही.

मला ते खटकायचं. ‘वाचकाला निकाल हवा असतो,’ मी म्हणायचो. ‘घ्यावं की घेऊ नये.’

‘निकाल देतेच की. पण कुठवर पाहिलं ते बी सांगते. आबा मेंढरं मोजतात तवा म्हणतात, ह्या अंगाची मोजली, टेकडीपलीकडची न्हाई. पलीकडची अंदाजानं धरली तर लांडगा कधी येऊन गेला ते कळायचंच न्हाई.’

पण कात्री माझ्या हातात होती. तुझा लेख आला की मी तो आखडायचो. जिथे तू तीन वाक्यांत सांगायचीस तिथे मी एक ठेवायचो. प्रत्येक ‘पण’ आणि ‘बहुतेक’ वाचकाला दाराबाहेर काढतो, असं मला टेबलावर शिकवलं होतं. तू प्रसिद्ध झालेला लेख वाचायचीस आणि फोन करायचीस. ‘भाऊ, तुम्ही लोकर कातरून राह्यले, ते बराबर हाय. लोकर जास्तीच व्हती. पण कातडीला कात्री लावू नका.’ मी म्हणायचो, कातडी कुठे सुरू होते ते संपादकाला कळतं. तू म्हणायचीस, ते मेंढराला कळतं.

हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि मिटला नाही. दोघांनाही त्यात गोडी होती.

तिसरा नियम झाला तो तुझ्या चुकीतून. ओलावा मोजणारी एक सळई तू आबांच्या वावरात रोवलीस. पाणी दिल्यानंतरही ती जमीन कोरडी दाखवत राहिली. तू तसं लिहिलंस, मी छापलं. कंपनीची नोटीस आली. मजकूर काढून टाका, नाहीतर कोर्टात भेटू. आपण वकील बघत होतो, तेवढ्यात तुझा फोन आला.

‘भाऊ, सळई भेगंत व्हती.’

उन्हाळ्यात काळी जमीन उलते. वरून हात फिरवला की भेग बुजलेली दिसते, आत पोकळ असते. सळईला माती लागलीच नव्हती, ती हवेचा ओलावा मोजत होती. हे आबांनी ओळखलं. ‘अगं, हितं कोकराचा पाय जातो,’ ते म्हणाले, ‘तू यंतर कशाला घातलं?’

मी सांगितलं, थांबू. नोटीस टेबलावर असताना दुरुस्ती लावली तर लोक म्हणतील दबले, नाहीतर विकले गेले. पंधरा दिवस जाऊ देत. आपलं नाव राहिलं पाहिजे.

तू म्हणालीस, ‘पंधरा दिवस ते खोटं लोक वाचून राह्यले, त्याचं काय? कंपनी दम देऊन राह्यली, म्हणून खरं उशिरा सांगायचं? मंग आपण तिच्या तालावरच चाललो ना?’

माझ्या सगळ्या नोकरीत संपादकीय स्वातंत्र्याची इतकी नेमकी व्याख्या मी ऐकली नव्हती. दबावामुळे काही करायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. दबाव आहे म्हणून करायचं ते टाळायचंही नाही, हे तू सांगितलंस.

त्याच दिवशी दुरुस्ती लागली. तळाशी नाही, शीर्षकाच्या वर. ‘चूक कोणाची’ ही ओळ तू स्वतः घातलीस आणि पुढे आपलं पूर्ण नाव लिहिलंस. मी म्हटलं, नावाची काय गरज? ‘लेखाला नाव लावता ना, मंग चुकीला बी लावा,’ तू म्हणालीस. तेव्हापासून साइटवरच्या प्रत्येक दुरुस्तीवर ती ओळ आहे.

कंपनीचा मॅनेजर पेढे घेऊन आला. एवढी स्वच्छ माणसं पाहिली नाहीत म्हणाला आणि वर्षभराच्या जाहिरातीचा कागद पुढे सरकवला. तू त्याला चहा दिलास आणि पेढ्यांचा पुडा परत त्याच्या हातात ठेवलास. ‘साहेब, पेढे चांगलेच असतील. पण खाल्ले तर तपासून लिहावं लागंल.’ पुढच्या हंगामात त्याच कंपनीचा ठिबकचा टायमर तू तपासलास. त्यातला दोष सापडला, तो लिहिलास. त्या वेळी मॅनेजर आला नाही. नोटीसही आली नाही.

आता परवाचं.

दहाव्याला नदीवर आणि नंतर घरी, मी ओळखत नव्हतो अशी बरीच माणसं आली होती. बदनापूरहून एक गृहस्थ आले होते. मला कोपऱ्यात घेऊन त्यांनी हळूच विचारलं, ‘ताई तर गेल्या. मंग आता बॅटरीचा पंप कोणता घ्यावा?’ विचारल्यावर ते स्वतःच ओशाळले. ‘आज विचारू नये. पण दुसऱ्या कोणाला विचारावं, ते बी त्यांनी सांगितलं न्हाई.’ तुझ्याबद्दल त्या दिवशी जे जे बोललं गेलं त्यात हे मला सर्वांत खरं वाटलं.

मग जांब समर्थकडचा एक शेतकरी उठून आला. तुझा झटका मशीनवरचा लेख वाचून त्याने मका वाचवला होता, म्हणून तो आला होता. पण त्याला आणखी काही बोलायचं होतं.

‘आज बोलू नये,’ तो म्हणाला. ‘तक्रार बी न्हाई माझी. पण दुसऱ्या कोणाची जळू नये म्हणून सांगतो.’

तुझ्या शेवटच्या लेखातला मोबाइल स्टार्टर त्याने घेतला होता. विहिरीतलं पाणी संपलं, मोटर कोरडीच चालत राहिली आणि जळाली. ‘साइटवर लिव्हलं व्हतं,’ तो म्हणाला, ‘पाणी संपलं की यंत्र मोटर बंद करतं. माझी मोटर न्हाई केली बंद. तीनची मोटर हाय माझी.’ तीन हॉर्सपॉवरची.

ते वाक्य लेखात होतं. मला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तुझं म्हणूनच आठवत होतं. आबांच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे. तू तेव्हा आजारी होतीस, दुसऱ्या विहिरीवर जाणं तुला शक्य नव्हतं. एका मोटरीवर पाहिलं आणि सगळ्या मोटरींबद्दल लिहिलं, असाच अर्थ निघत होता. जी चूक तू दुसऱ्याला कधी करू दिली नाहीस, ती.

मी म्हणालो, आजच दुरुस्ती लावतो. तुझ्या मामांनी हात धरला. ‘गेलेल्या माणसाची चूक काढत नसतात, साहेब. लेख काढून टाका पाहिजे तर. पण तिच्या नावानं असं वर पाटी लावून कशाला? ती काय आता उत्तर द्यायला येणारंय?’ आणखी दोघातिघांनी माना हलवल्या.

मी त्यांना नियम समजावून सांगितला. भेगेतल्या सळईची गोष्ट सांगितली. तुझाच नियम तुला लावला नाही तर तो तुझा अपमान होईल, असं काहीसं म्हणालो. नेमकं लिहायचं तर त्या क्षणी मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. आपण कोणाचीही गय करत नाही, अगदी तुझीही नाही, याचं समाधान होतं ते.

आबा भिंतीला टेकून बसले होते.

‘वही बघितली का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘मंग आधी वही बघा. ती वही बघितल्याबिगर कधी बोलली न्हाई.’

ते आत गेले आणि वही घेऊन आले. पेन्सिल अजून पानांत होती. आबांना वाचता येत नाही, पण शेवटचं भरलेलं पान त्यांना माहीत होतं. तिसऱ्या रकान्यात तुझं अक्षर थोडं वाकडं झालं होतं. पाचची मोटर, पाणी तीनदा संपवून पाहिलं, तिन्ही वेळा यंत्रानं बंद केली. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं : ‘तीनची मोटर पाहिली नाही. तिला आधी हातानं सेटिंग करावी लागेल असं वाटतं. शेजाऱ्यांच्या विहिरीवर बघायचं राहिलं. लेखात नक्की टाकणे.’

आणि तू टाकलं होतंस. वाचता वाचता मला आठवलं. तू दवाखान्यातून फोनवर लिहून पाठवलेला लेख आला तेव्हा शेवटचा परिच्छेद लांबला होता. दोन विहिरी, दोन मोटरी, ‘असं वाटतं’, ‘राहिलं’. तुला त्रास देऊ नये म्हणून मी फोन केला नाही. पाच ओळींच्या जागी एक वाक्य केलं. पाणी संपलं की यंत्र मोटर बंद करतं. सात शब्द. वाक्य मला आवडलं होतं. मी मूळ मजकुरावरच हात चालवतो, जुनी प्रत ठेवत नाही. ही टेबलावरची जुनी खोड. म्हणून ते वाक्य तुझं झालं. छापलेला लेख वाचून तुझा फोन आला नाही. तुला बरं वाटत नसेल, एवढंच मी समजलो.

‘काय लिव्हलंय?’ आबांनी विचारलं.

मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. नंतर मी काय खोडलं तेही सांगितलं.

‘मंग चूक कोणाची?’

‘माझी.’

आबांनी मान हलवली. ‘बराबर. मंग तुमचं नाव लावा.’ मग म्हणाले, ‘आन् चहा घेतल्याबिगर जाऊ नका.’

तुझ्या लेखाच्या शीर्षकावर आता हे आहे : ‘दुरुस्ती. पाणी संपल्यावर हे यंत्र मोटर बंद करतं, हे फक्त पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीवर पाहिलं होतं. लेखिकेने तसं स्पष्ट लिहिलं होतं आणि लहान मोटरीबद्दल सावधही केलं होतं. संपादनात ते काढलं गेलं. त्यामुळे एका वाचकाची मोटर जळाली. चूक कोणाची : संपादकाची.’ पुढे माझं नाव आहे. खाली तुझा परिच्छेद पूर्ण छापला आहे, एकही शब्द न काढता. तो चांगला परिच्छेद आहे. त्यात जास्तीचं काही नाही.

काल पुन्हा आष्टीला गेलो. आबांनी आणि मी शेजाऱ्यांच्या विहिरीवर तो स्टार्टर तीनच्या मोटरीला जोडला. पाणी संपलं ते आबांनी आवाजावरून आधी ओळखलं. यंत्राने मोटर बंद केली नाही, मी हाताने केली. मग तू लिहिली होतीस तशी सेटिंग केली आणि पुन्हा पाहिलं. या वेळी यंत्राने बंद केली. जांब समर्थच्या शेतकऱ्याला फोन करून कळवलं. तुझ्या वहीत तुझ्या ओळीखाली माझ्या अक्षरात नोंद केली आहे. वही आबांनी मला नेऊ दिली नाही. ‘हितंच ऱ्हाऊ द्या,’ म्हणाले, ‘तपासायला यावं लागंल ना तुम्हाला.’

आपला वाद मिटला, सुनंदा. कातडी कुठे सुरू होते ते मेंढराला कळतं. हे तुला सांगायला मी बारा दिवस उशीर केला, आणि ज्या दिवशी फोन करायला हवा होता त्या दिवशी केला नाही.

वर्तमानपत्रात मी नावाजलेल्या माणसांच्या हाताखाली काम केलं. त्यांच्याबद्दल विचारलं तर मला विशेषणं शोधावी लागतात. तुझ्याबद्दल विचारलं तर मी वही दाखवीन. जिल्ह्यातल्या माणसांनी यंत्र घेण्याआधी आष्टीच्या एका बाईने काय लिहिलंय ते बघायचं, आणि तिने काय पाहिलं नाही तेही बघायचं, अशी सवय तू लावलीस. त्या कामात मी तुझ्या शेजारी होतो, याचा मला अभिमान आहे. हे वाक्य मी पुन्हा तपासलं. त्यातून काढण्यासारखं काही सापडलं नाही.

आता या लेखाचा चौथा रकाना.

तू दुकानात बसून मोबाइल कसे दुरुस्त करायचीस, ते मी कधी पाहिलं नाही. तुझी आई पाहिली नाही. दवाखान्यातले शेवटचे चार दिवस पाहिले नाहीत. ‘सुनंदा फार धीराने गेली,’ असं दहाव्याला सगळे म्हणत होते. मी ते पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही. शेवटी आबांना विचारलं, कारण तिथे तेच होते.

‘धीर-बीर मला ठावं न्हाई,’ आबा म्हणाले. ‘माझा हात धरून व्हती. घट्ट.’

एवढं पाहिलेलं आहे. एवढं नोंदवतो.